स्टॉल किती पाहिजे एवढंच विचारणाऱ्याकडून टॉर्क कन्व्हर्टर घेऊ नका

हे लिहायला मला आठ महिने लागले. आधीच लिहिलं असतं तर नुसता संताप उतरला असता आणि कामाची माहिती राहून गेली असती. इकडे अमेरिकेत आपल्या मराठी लोकांत जुन्या मसल कारचा, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या दणकट अमेरिकन गाड्यांचा, नाद असलेले थोडेच आहेत पण आहेत, आणि गेल्या दोन वर्षांत तिघांनी मला फोन करून विचारलं की ऑटोमॅटिक गाडीला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी बसणारा, इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) कुठला टाकू. त्यांच्यासाठी आणि पुढे जो कोणी विचारेल त्याच्यासाठी सगळं सविस्तर सांगतो.

माझी गाडी १९७० ची शेव्हरोलेची शेव्हेल मालिबू, ३५० घनइंचाचं इंजिन, मागे टर्बो ३५० नावाचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स. मी पुण्याहून गाड्यांच्याच कामासाठी डेट्रॉइटच्या बाजूला आलो त्याला वीस वर्षं झाली, ट्रॉयला घर आहे, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी मोठी जत्रा भरते, १९९५ पासून चालू आहे, तिथे ही गाडी न्यायची हे माझं आणि मुलाचं ठरलेलं होतं. आधीच्या मालकाने मागच्या ॲक्सलचा गिअर ३.७३ चा (चाकाच्या एका फेऱ्याला पुढचा शाफ्ट ३.७३ फेरे) करून ठेवलेला. त्या हिवाळ्यात मी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, बदलला, पन्नास थाऊ (इंचाचे हजारावे भाग) लिफ्टला २३० डिग्री ड्युरेशनचा, म्हणजे झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा. आवाज असा झाला की शेजारचे म्हातारे आजोबा चहाचा कप घेऊन बघायला आले.

पण गाडी चालवायला घेतली आणि त्रास सुरू झाला. सिग्नलला डी (ड्राइव्ह) मध्ये उभं राहिलं की गाडी पुढे रेटायची, ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागायचं, आणि आयडल खाली खाली जाऊन इंजिन बंद. पुन्हा न्यूट्रलमध्ये टाका, चालू करा, मागून हॉर्न. कारण साधं आहे, मोठा कॅम खालच्या आरपीएमला ताकद देत नाही, त्याची खरी ताकद २५०० च्या पुढे सुरू होते, आणि कंपनीचा बारा इंची कन्व्हर्टर १६०० ते १८०० लाच इंजिनला धरून ठेवतो. म्हणजे इंजिनला श्वास घ्यायची जागाच नाही. अशा वेळी स्टॉल जास्त असलेला कन्व्हर्टर लागतो, म्हणजे व्यासाने लहान, इंजिनला आधी फिरू देणारा आणि मग ताकद मागे सोडणारा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला फसवलं ते हिच्याच जोरावर. स्टॉल म्हणजे मागची टर्बाइन (कन्व्हर्टरमधलं गिअरबॉक्सकडचं चक्र) जागेवर अडवून धरली आणि पूर्ण थ्रॉटल दिला तर इंजिन कुठल्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा. पण हा आकडा कन्व्हर्टरवर छापून ठेवता येईल असा नसतो. तोच डबा जास्त टॉर्कच्या इंजिनामागे लावला की स्टॉल वर जातो, कमी टॉर्कच्या इंजिनामागे लावला की खाली येतो. आणि डबा चारी बाजूंनी वेल्ड करून बंद असतो, आतली पाती, स्टेटर (तेल वळवणारं मधलं चक्र), बेअरिंग काहीच दिसत नाही. बाहेरून दिसतो तो फक्त रंग आणि स्टिकर.

मी एका विक्रेत्याची जाहिरात बघितली, दुसऱ्या राज्यातला. नाव लिहीत नाही. नवा, दहा इंची, २८०० स्टॉल, खास बांधणीचा, ४८० डॉलर. चांगल्या ठिकाणी असाच कन्व्हर्टर सातशे-साडेसातशेच्या खाली मिळत नव्हता. फोन केला तर माणूस बोलायला एकदम गोड, माझ्या शेव्हेलचं कौतुक केलं, स्वतःच्या वडिलांकडे तशीच होती म्हणाला. आणि त्याने मला एकच प्रश्न विचारला, स्टॉल किती पाहिजे? मी म्हणलं २८०० चालेल ना? तो म्हणाला एकदम परफेक्ट. गाडीचं वजन विचारलं नाही, कॅम कुठला ते नाही, टायर किती उंच ते नाही, हायवेला नेणार का तेही नाही. मला तेव्हा वाटलं की बरं झालं, फार चिकित्सा करत नाही. कार्डाने दिलं तर तीन टक्के जास्त, बँकेतून थेट पाठवलं तर नाही, असं म्हणाला आणि मी थेट पाठवले. तिथेच माझ्या हातातलं सगळं गेलं, कारण क्रेडिट कार्डाने दिले असते तर माल सांगितल्याप्रमाणे नाही म्हणून बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करता आली असती.

जूनमध्ये डबा आला. काळा चकचकीत, ताज्या रंगाचा वास येत होता, वर मोठं स्टिकर. मी टेप लावून मोजला नाही. एवढं एक काम, अर्ध्या मिनिटाचं. ऑगस्ट डोक्यावर होता म्हणून मी आणि मुलगा शनिवारीच कामाला लागलो, ट्रान्समिशन खाली उतरवलं, कन्व्हर्टरमध्ये क्वार्टभर तेल ओतलं, तीन ठोके बसेपर्यंत फिरवत फिरवत पंपात बसवला, फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाकडची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) अंतर मोजलं, इंचाचा आठवा भाग ते तीन सोळांश पाहिजे असतं, ते बरोबर आलं. म्हणजे बसवण्यात चूक नव्हती, हे नंतर फार महत्त्वाचं ठरलं.

गाडी चालू केली, डी मध्ये टाकली, आणि तेच. तसंच रेटणं, तसंच बंद पडणं. ब्रेक दाबून थ्रॉटल दिला तर १८०० च्या आसपास चाकं सरकायला लागली.

फोन केला. तो म्हणाला ५०० मैल चालव, नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. चालवली. परत फोन केला तर म्हणे ब्रेक दाबून केलेली टेस्ट खरी नसते, चाकं आधी सुटतात, चालत्या गाडीत एकदम पूर्ण थ्रॉटल देऊन बघ. हे खरं आहे, म्हणून मी गप्प बसलो. तेही करून बघितलं, काडीचा फरक नाही. तिसऱ्यांदा म्हणाला तुझं इंजिन टॉर्क देत नाहीये, डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, लाव आणि कागद पाठव. हेही पूर्ण खोटं नाही, वर सांगितलंच की स्टॉल टॉर्कवर अवलंबून असतो. मी १६० डॉलर देऊन गाडी डायनोवर लावली, आकडे चांगले आले, पाठवले. मग म्हणे ट्रान्समिशन स्लिप होत असेल, बसवताना तू काहीतरी बिघडवलंस. प्रत्येक वेळी अर्धं खरं सांगायचं, खापर माझ्या गाडीवर फोडायचं, आणि मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्यायचे. ३० दिवसांची परतीची मुदत अशीच संपली, आणि एकतिसाव्या दिवसापासून त्याने फोन उचलणं बंद केलं. त्याच आठवड्यात गॅरेजच्या फरशीवर बेलहाउसिंगच्या (कन्व्हर्टरवरच्या आवरणाच्या) खाली लाल तेलाचे थेंब दिसायला लागले. मुलगा रोज सकाळी पुठ्ठा बदलायचा आणि काही बोलायचा नाही.

शेवटी हेझल पार्कला एक म्हातारे ट्रान्समिशनवाले आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी ट्रान्समिशन उतरवलं, डबा बाकावर ठेवला, खिशातून टेप काढला आणि मला बोलावलं. बारा इंच. मग वायर ब्रश घेऊन शिवणीजवळचा रंग खरवडला, तर खाली गंजाने पडलेले खड्डे, आणि त्या खड्ड्यांवरूनच रंग मारलेला. शिवण कंपनीचीच, मूळची. ते म्हणाले हा डबा कधी उघडलेलाच नाही, खास बांधणी केली असती तर इथे कापून परत वेल्ड मारल्याचा कड दिसला असता. मग माझं बोट धरून हबवर, म्हणजे डब्याच्या पंपात बसणाऱ्या नळीवर, फिरवलं. नख अडकेल अशी खाच होती गोल, जुन्या सीलने घासून पडलेली, आणि तिथूनच तेल गळत होतं. बोल्टच्या जागांवर जुन्या पान्याचे ओरखडे. हे सगळं डबा खोक्यातून काढल्या काढल्या मला दिसलं असतं.

मी म्हणलं कापा. लेथवर कापला. आत सगळी पाती मूळची, वाकवलेली नाहीत, त्यांना पक्कं करणारं ब्रेझिंग (पितळी डाग) नाही, निडल बेअरिंग पाहिजे तिथे जुनाच वॉशर अर्धा झिजलेला, आणि तळाशी राखाडी चिखल, त्यात चंदेरी चुरा. म्हणजे कुठल्या तरी भंगारातल्या गाडीचा कन्व्हर्टर धुतलासुद्धा नव्हता, नुसता रंगवला होता. नवीन सील, पंपाचं बुशिंग, कूलर धुणं, तेल, मजुरी मिळून ६४० डॉलर गेले. ट्रान्समिशन वाचलं ते त्यांच्यामुळे, अजून दोन महिने चालवली असती तर तो चुरा क्लचमध्ये गेला असता.

दुसरा कन्व्हर्टर मी त्यांनी सांगितलेल्या माणसाकडून बनवून घेतला, आणि हा फोन मला कायम लक्षात राहील. पहिला प्रश्न, गाडीचं वजन काट्यावर किती? मग कॅमचं कार्ड वाचून दाखव, कॉम्प्रेशन किती, कार्ब्युरेटर कुठला, मागचा गिअर, टायरची उंची, आयडलला व्हॅक्यूम किती, आठवड्यातून किती मैल हायवे. मी २८०० म्हणलं तर सरळ नाही म्हणाला. त्याने हिशोब करून दाखवला की ३.७३ गिअर आणि २७ इंची टायरवर ६० मैलांच्या वेगाला तुझं इंजिन २८०० च्याच आसपास फिरतं, ह्या ट्रान्समिशनला लॉकअप (वेगात कन्व्हर्टरची घसरण थांबवणारा क्लच) नाही, मग स्टॉल पण तेवढाच ठेवला तर रस्त्यावर कन्व्हर्टर नीट धरणार नाही, घसरत राहील आणि सगळी उष्णता तेलात जाईल. तेल १७५ फॅरेनहाइटच्या आसपास सुखात असतं, २४० च्या वर गेलं की जळायला लागतं. तुला २५०० पुरेल, आणि कूलर वेगळा लाव. गिऱ्हाईक जास्त मागतंय आणि हा माणूस कमी घे म्हणतोय. तीन आठवडे लागले, ७६० डॉलर, डबा आला तेव्हा मी आणि मुलाने दारातच टेप लावला, दहा इंच, हब आरशासारखा. आता गाडी सिग्नलला शांत उभी राहते, एका पायाने ब्रेक धरला तरी पुरतो.

वुडवर्ड त्या वर्षी हुकलं. मुलगा सप्टेंबरमध्ये कॉलेजला दूर गेला, त्यामुळे ह्या ऑगस्टला तो सुट्टी काढून येतो म्हणालाय.

मिशिगनच्या अटर्नी जनरलच्या ऑफिसकडे ग्राहक तक्रार केली, कापलेल्या डब्याचे फोटो, डायनोचा कागद, सगळे मेसेज जोडले. तक्रारीचा नंबर मिळालाय, पैसे मिळालेले नाहीत. गेल्या आठवड्यात सहज शोधत होतो तर त्या विक्रेत्याची जाहिरात परत दिसली, दुकानाचं नाव बदललंय, किंमत ५२० केलीय. फोटो तोच आहे, काळा डबा, खाली निळं ब्लँकेट, कोपऱ्यात फाटलेलं. फक्त आता त्यावर ३२०० स्टॉल लिहिलंय.