पिंजऱ्यातून सुटलेल्या कोंबड्यांसाठी तयार खुराडं: घ्यावं का?

चार कोंबड्यांचं म्हणून विकलं जाणारं 4 × 3 फुटी, पत्र्याच्या छताचं खुराडं. सांगाडा मजबूत आहे, खालचा ट्रे बाहेर ओढता येतो, सफाई सोपी. पण अंड्यांच्या फार्मवरून सोडवलेल्या कोंबड्यांना ते आहे तसं चालत नाही.

पहिली अडचण बसायच्या दांडीची. ती दोन फुटांवर आहे. जन्मभर पिंजऱ्याच्या तारेच्या जाळीवर उभ्या राहिलेल्या या कोंबड्यांचे पाय अशक्त आणि हाडं ठिसूळ असतात. उडी मारताना हाड मोडू शकतं. दांडी अर्ध्या फुटावर आणा, दीड-दोन इंच रुंद आणि कडा गोल केलेली. ट्रेमध्ये तीन इंच भाताचं तूस पसरा.

सोबतचं पाण्याचं भांडं त्यांना ओळखताच येत नाही, कारण सवय निपलची, म्हणजे चोचीने दाबल्यावर पाणी देणाऱ्या तोटीची. चोच हलकेच पाण्याला लावून दाखवा. चोच कापलेली असल्याने सपाट थाळीतलं टिपता येत नाही. खोलगट भांड्यात लेअर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य) द्या, रोज प्रत्येकी साधारण 110 ग्रॅम, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळा.

जाळी मात्र सर्वांत कच्ची. षटकोनी चिकन मेश कोंबडी अडवते, मुंगूस नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंगने जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी) लावा, खाली फूटभर जमिनीत गाडा. कडीला कुलूप हवंच.

जागा दोघींपुरतीच धरा. पहिला आठवडा आतच ठेवा, म्हणजे संध्याकाळी आपणहून परततात.