फ्रीगल: देण्यासाठी वापराच, पण मागण्यासाठीसुद्धा वापरा

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो आणि गेली तीन वर्षं फ्रीगल ही वस्तू देण्या-मागण्याची वेबसाइट वापरतोय. नव्याने इकडे आलेल्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण परवाच एका ओळखीच्यांनी चांगलं धडधाकट डायनिंग टेबल सुटं करून टिपवर, म्हणजे कचरा डेपोवर, नेऊन टाकलं आणि मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

नको असलेली वस्तू फुकट द्यायची, हवी असलेली फुकट मागायची, एवढंच ते. पैसे नाहीत, अदलाबदल नाही. मूळ कल्पना अमेरिकेतली, २००३ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला फ्रीसायकल सुरू झालं, मग २००९ मध्ये ब्रिटनमधले त्याचे बरेच ग्रुप चालवणारे व्हॉलंटियर वेगळे झाले आणि त्यांनी फ्रीगल काढलं. आजही गावोगावचे ग्रुप व्हॉलंटियरच सांभाळतात.

आमची सुरुवात सोफ्यापासून झाली. घर शनिवारी रिकामं करायचं होतं, जुनं सामान घेणाऱ्या एका चॅरिटीला फोन केला तर त्यांची व्हॅन तीन आठवड्यांनी येणार, आणि मोठं सामान उचलून न्यायला बऱ्याच कौन्सिल, म्हणजे इथल्या नगरपालिका, पैसे घेतात. शेवटी मंगळवारी रात्री फोटो काढून फ्रीगलवर ऑफर टाकली, लांबी-रुंदी लिहिली, एका हातावर चहाचा डाग होता त्याचा जवळून फोटो टाकला, आणि खालच्या आगीच्या लेबलचाही. हे लेबल महत्त्वाचं आहे बरं का, इथे १९८८ च्या नियमांप्रमाणे सोफा आगीच्या टेस्टला उतरलेला असावा लागतो आणि लेबल नसेल तर चॅरिटी शॉप तो घेत नाही, त्यामुळे टोचतंय म्हणून कृपया कापून टाकू नका. सकाळपर्यंत सात मेसेज. पहिला आला त्यालाच द्यायचं असं बंधन नसतं, आपण चॅटवर बोलून ठरवायचं आणि मग प्रॉमिस बटण दाबायचं. पत्ता सगळ्यांना दिसत नाही, नकाशावर नुसता अंदाजे भाग दिसतो, ज्याला वस्तू द्यायची त्यालाच चॅटमध्ये पत्ता सांगायचा. आमचा सोफा एका कॉलेजच्या मुलाने नेला, तो आणि त्याचा मित्र, भाड्याची व्हॅन घेऊन आले होते.

लोक कबूल करून येत नाहीत हा त्रास आहे, माझ्या बाबतीत दोनदा झालंय, एकदा मी भर पावसात दिवा बाहेर काढून वाट बघत बसले. आता मी शक्यतो त्याच दिवशीची वेळ देते आणि दुसरं एक नाव हाताशी ठेवते. शिवाय वस्तू आपली आपणच आणायची असते, तेव्हा गाडी नसेल तर आसपासचंच बघा.

पण मला खरं सांगायचंय ते मागण्याबद्दल. द्यायला आपल्याला काही वाटत नाही, देताना उलट बरंच वाटतं, मागताना मात्र जीभ रेटत नाही. माझा सातवा महिना चालू होता, नवऱ्याचं म्हणणं पहिल्या बाळाला वापरलेलं कशाला, लोक काय म्हणतील. आईला साताऱ्याला फोन लावला तर ती म्हणाली, "अगं, तुझं पहिलं झबलं आजीच्या जुन्या लुगड्याचं होतं, बारशापर्यंत कोण नवं घालतं बाळाला? आपण तर मुद्दाम जुनं मागून आणतो, मऊ असतं म्हणून." नवरा शेजारीच होता, स्पीकरवर ऐकत होता. त्याच रात्री आम्ही वाँटेडमध्ये दोन ओळी टाकल्या, बाळ येतंय, लाकडी कॉट हवी. तिसऱ्या दिवशी एका बाईंचा मेसेज आला, त्यांची नातवंडं मोठी झाली होती आणि कॉट माळ्यावर पडून होती. आणायला गेलो तर त्यांनी ती पुसून, जोडून ठेवलेली, वर एक विणलेलं ब्लँकेट. मी थँक्यू म्हणतेय तर त्याच मला थँक्यू म्हणत होत्या. तुम्ही मागत नाही तोवर समोरच्याला कळणार कसं की आपल्या माळ्यावरचं कुणाला तरी हवंय?

दोन गोष्टी मात्र सेकंडहँड घेतल्या नाहीत. कॉटची गादी नवीनच आणली, इथे बाळासाठी शक्यतो नवी घ्या असंच सांगतात, आणि कार सीटही नवीन, कारण जुनी सीट एखाद्या ॲक्सिडेंटमधून गेलीय का ते बघून कळत नाही.

आता लेक मोठ्या बेडवर झोपते. काल रात्री कॉट ऑफरला टाकलीय, नट-बोल्ट डब्यात घालून डबा कॉटच्याच दांडीला टेपने चिकटवलाय, ब्लँकेटही धुऊन सोबत ठेवलंय. सकाळपासून चार मेसेज आलेत, त्यातल्या एकीला डॉक्टरांनी बाळंतपणाची पुढच्याच आठवड्यातली तारीख दिलीय, तिला आज संध्याकाळी सहाला बोलावलंय.