आफ्रिकन ग्रे पोपटाच्या नावाने पैसे कसे काढले जातात

बोलका पोपट घ्यायचा म्हणून लोक वर्ष-दोन वर्षं पैसे बाजूला टाकतात. कुणाची भिशी लागते, कुणी सोयाबीनची पट्टी आली की त्यातून थोडे काढून ठेवतो, कुणी पोराला दहावीच्या निकालानंतर घेऊन देईन असा शब्द दिलेला असतो. जालना, बीड, हिंगोली, धाराशिवकडच्या गावांत विदेशी पोपटांचा ब्रीडर हाकेच्या अंतरावर नसतो. त्यामुळे शोध मोबाइलवरच सुरू होतो आणि फसवणारा गिऱ्हाइकाला तिथेच गाठतो.

जाहिरात बहुतेक आफ्रिकन ग्रेची असते. राखाडी अंग, लालभडक शेपूट, माणसासारखा बोलणारा. खरा, कागदपत्रांसह मिळणारा ग्रे घ्यायला दहा हजारांच्या कित्येक पट मोजावे लागतात. जाहिरातीत तोच आठ-दहा हजारांत असतो. कारणही पटण्यासारखं दिलेलं असतं: मालकाची बदली झाली, घरात बाळ आलं, पक्षी चांगल्या घरी जावा एवढीच इच्छा. सोबतचा व्हिडिओ दुसऱ्याच कुणाच्या चॅनेलवरून उचललेला असतो.

पुढचा क्रम ठरलेला आहे. आकडे बदलतात, पायऱ्या त्याच राहतात. आधी 'टोकन' म्हणून एक-दोन हजार. मग 'पक्षी आज निघतोय' म्हणून उरलेली रक्कम. दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून 'ट्रान्सपोर्टवाला' बोलतो: पिंजरा एअरलाइनच्या मापाचा नाही, एसी पिंजऱ्याचे अडीच हजार भरा, पक्षी मिळाला की परत होतील. नंतर विमा, तोही परत मिळणारा. नंतर 'संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर पक्षी क्वारंटाइनमध्ये अडकला' किंवा 'नांदेडला कार्गोत थांबलाय'. प्रत्येक वेळी रक्कम आधीपेक्षा थोडी मोठी असते आणि मुदत तासाभराची. पंधरा हजार गेलेला माणूस आणखी चार हजार देतो, कारण ते दिले नाहीत तर आधीचे पंधराही बुडतील असं त्याला वाटतं. सगळा धंदा या एका भीतीवर चालतो.

यातली जवळपास प्रत्येक मागणी खोटी असल्याचं साध्या माहितीने कळतं. क्वारंटाइन परदेशातून येणाऱ्या जनावरांसाठी असतं आणि त्याची केंद्र सरकारची ठाणी दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या शहरांत आहेत. संभाजीनगरला किंवा नांदेडला असं ठाणं नाही, आणि देशातल्या देशात पक्षी पाठवताना क्वारंटाइन लागतच नाही. 'पक्षी मिळाल्यावर परत' मिळणारा विमा कुठलीही विमा कंपनी विकत नाही. नेहमीच्या कुरिअर कंपन्या जिवंत पक्षी स्वीकारत नाहीत, म्हणजे कुरिअरची पावती आणि ट्रॅकिंग नंबर दाखवला तर तो कागद मोबाइलवर बनवलेला आहे असंच धरा.

पैसे परत करतो म्हणून क्यूआर कोड पाठवला जातो, तिथे तर क्षणभरही थांबू नका. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले.

शेवटची पायरी सगळ्यात वाईट. गिऱ्हाईक पैसे द्यायचं थांबवतं तेव्हा धमकी येते: 'पक्षी तुमच्या नावावर आहे, तुम्ही तो सोडून दिला, वनखात्याची केस होईल.' कुणाचा तरी वर्दीतला फोटो, शिक्का मारलेली नोटीसही येते. कायद्याची अर्धवट माहिती असलेला माणूस घाबरतो, तक्रार करत नाही, वर आणखी पैसे देतो. म्हणून कायदा नेमका काय आहे ते आधीच माहीत असलेलं बरं.

आपला हिरवा राघू, गळ्याला लाल कंठ असलेला, आणि खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी पोपट हे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहेत. ते विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. उन्हाळ्याच्या तोंडावर आठवडी बाजारात टोपलीत जी हिरवी पिल्लं दिसतात ती झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात. ती घेऊ नका, 'कागद देतो' म्हणणाऱ्याकडून तर मुळीच नको, कारण त्या पोपटाचा विक्रीचा कागद होऊच शकत नाही. वनविभागाचा 1926 हा हेल्पलाइन नंबर आहे, तिथे कळवा.

आफ्रिकन ग्रे हा विदेशी पक्षी. जंगलातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2017 पासून बंद आहे, कारण सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात तो पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात गेला. भारतात अशा जातींची नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते; त्याचे नियम 2024 मध्ये आले. म्हणजे खऱ्या विक्रेत्याकडे त्याच्या स्वतःच्या नावाची नोंद असते आणि विक्रीनंतर मालकी बदलल्याचं तिथेच कळवायचं असतं. 'वनखात्याची फी' म्हणून कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागितले की व्यवहार तिथेच सोडा. बजरी, कॉकटेल आणि पीच-फेस लव्हबर्ड या छोट्या पोपटांच्या जाती सायटिसच्या यादीत नाहीत, त्यांना ही नोंद लागत नाही. पहिल्यांदा पक्षी पाळणाऱ्याने कॉकटेलपासून सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. तो शिट्टीवर गाणी उचलतो आणि खर्चाचं ओझं होत नाही.

पैसे देण्याआधी तपासायचं कसं, ते सांगतो. जाहिरातीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर टाका. तोच पक्षी दुसऱ्या देशातल्या पानावर दिसला की विषय संपला. फेसबुक पेज असेल तर 'पेज ट्रान्सपरन्सी' उघडा: पेज कधी बनलं, नाव किती वेळा बदललं, चालवणारे कोणत्या देशात आहेत ते दिसतं. महिन्याभरापूर्वी साड्या विकणारं पेज आज पोपट विकत असेल तर समजून घ्या. मग थेट व्हिडिओ कॉल मागा. कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून तो पक्ष्याच्या पायातल्या ओळखीच्या रिंगशेजारी धरायला सांगा. आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत हे जमत नाही. 'नेटवर्क नाही', 'पक्षी झोपलाय' अशी उत्तरं दोनदा आली की तिसऱ्यांदा विचारू नका. यूपीआय आयडी टाकल्यावर स्क्रीनवर बँकेतलं नाव येतं. ते आणि विक्रेत्याने सांगितलेलं नाव जुळलं पाहिजे.

पक्षी खरा असला तरी फसवणूक होते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. रिंग बंद आहे की उघडी ते पाहा. बंद, सांधा नसलेली रिंग पिल्लू दोन आठवड्यांच्या आसपासचं असतानाच पायात जाते, नंतर पंजा मोठा होतो आणि ती चढत नाही. सांध्याची रिंग कधीही, कुणाच्याही पायात घालता येते, त्यामुळे तिच्यावरचं जन्माचं साल पुरावा ठरत नाही. वय डोळ्यांवरून कळतं: कोवळ्या ग्रेचे डोळे गडद असतात, मोठ्याचे फिकट पिवळे. 'सहा महिन्यांचं पिल्लू' म्हणून पिवळ्या डोळ्यांचा पक्षी दिला जात असेल तर तो जुना आहे, आणि बऱ्याचदा चावतो किंवा पिसं उपटतो म्हणूनच विकायला काढलेला असतो. ग्रेचा नर-मादी नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही. 'नर आहे, जास्त बोलेल' म्हणून जास्त पैसे मागत असतील तर रिंग नंबर लिहिलेला डीएनए रिपोर्ट मागा.

बरीच पिल्लं मरतात ती हातावर भरवायची अवस्था संपण्याआधीच विकल्यामुळे. ब्रीडरचे कष्ट आणि फॉर्म्युल्याचा, म्हणजे पिल्लाला भरवायच्या पातळ खाद्याचा, खर्च वाचतो, आणि गिऱ्हाइकाला 'तुम्ही भरवलं की जास्त माणसाळेल' असं सांगितलं जातं. फॉर्म्युला 40 अंशांच्या थोडा वर लागतो. जास्त गरम झाला तर गळ्याची पिशवी भाजते, गार झाला तर अन्न आत साचून आंबतं, सिरिंज चुकली तर ते थेट श्वासनलिकेत जातं. नवख्याने हे करूच नये. ग्रेचं पिल्लू स्वतः खायला साधारण तीन-चार महिने घेतं. ते समोर स्वतः दाणे-फळं खाताना पाहिल्याशिवाय घरी आणू नका.

पाहायला जाताना सकाळी जा आणि थोडं लांबून बघा. पिसं फुगवून बसणं, श्वासागणिक शेपूट वरखाली होणं, नाकपुड्या ओल्या असणं, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली असणं, यातलं एकही दिसलं तर परत या. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत असेल तर पक्षी बरेच दिवस आजारी आहे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत; पक्षी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या. मे महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पक्षी मागवणं म्हणजे त्याला मारणंच आहे. आपल्याकडचा पारा चाळिशीपार असतो आणि बंद डिक्कीत त्याहून वाईट.

पैसे गेलेच असतील तर वेळ घालवू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पिन तुम्ही स्वतः टाकलेला असल्याने बँक तो तुमच्या संमतीचा व्यवहार धरते. रक्कम वाचवायचा खरा मार्ग म्हणजे समोरच्या खात्यात ती गोठवणं, आणि तिथून पैसे काही मिनिटांत पुढच्या खात्यांत फिरवले जातात. फोनवेळी बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, समोरचा आयडी, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि पोलीस ठाण्यात अर्ज. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. धमकीची नोटीस आली असेल तर तीही जोडा, तो तुमच्याच बाजूचा पुरावा आहे.

तक्रारीनंतर काही दिवसांनी 'सायबर सेलमधून बोलतोय, दहा टक्के भरा, पैसे सोडवून देतो' असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात. पोलीस या कामासाठी फी घेत नाहीत, आणि गोठवलेली रक्कम सुटली की थेट तुमच्या खात्यात येते.