नळदुर्ग किल्ला: बोरी नदी भरली की नक्की जा

सोलापूर-हैदराबाद हायवेनं जाणारे लई लोक नळदुर्गात चहा पिऊन तसेच पुढं निघून जातात, किल्ल्यात वळतच नाहीत. वळा. धाराशिव जिल्ह्यातला हा भुईकोट, कर्नाटक इथून जवळच आणि एकेकाळी निजामशाही-आदिलशाहीची ह्याच्यासाठी भांडणं व्हायची, त्यामुळं तटबंदी बघताना कळतं की एवढे बुरूज कशापायी बांधले असतील.

पण खरं बघायचं ते पाणीमहाल. बोरी नदीवर दगडी बंधारा घालून पलीकडचा रणमंडळ नावाचा छोटा किल्ला मुख्य किल्ल्याला जोडलाय आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात महाल काढलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास. वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, आपण आत सज्जात उभं राहायचं, समोरून पाणी कोसळायलंय, तुषार अंगावर यायलेत, शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही, तरी लोंढा आत शिरत नाही. चारशे वर्षं झाली ह्याला! पाण्याचा एवढा हिशोब त्या माणसांनी कसा केला असेल, माझं तर डोकंच चालत नाही. आपल्याकडं पाण्याला किती किंमत आहे ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही, म्हणून हे जास्तच भिडतं.

उन्हाळ्यात गेलात तर बांधकाम निवांत बघता येतं पण धबधबा नाही. पाऊस चांगला झाला तर ऑगस्ट-सप्टेंबरात निघा, निघायच्या आधी गावात कुणाला तरी फोन करून पाणी सुटलंय का विचारा. रविवारी लई गर्दी, सकाळी लवकर पोचा.

भिंतींवर नावं कोरलेली बघून मात्र जीव जळतो. लेकरांना घेऊन जाणाऱ्यांनी त्यांना तिथंच समजावून सांगा, प्लीज.

उपळ्या बुरुजावर दोन लांब तोफा आहेत, वरून सगळा किल्ला आन् नदी दिसते. नवबुरूजही बघा, नऊ पाकळ्यांसारखा बांधलाय. पण उपळ्याच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी तो सोडला तरी चालेल. पाणीमहालात उतरताना दगड ओले असतात, चप्पल नको, पकड असलेले बूट घाला आणि बारक्यांचा हात सोडू नका.