मंगळवेढ्याचं काळं रान की उजनीकाठची वस्ती?

दोन्ही वस्त्या सोलापूर जिल्ह्यातल्याच, पण जमिनीनं त्यांचं नशीब वेगवेगळं लिहिलंय. मंगळवेढ्याकडं काळी, खोल, भारी जमीन. ती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवरच रब्बीची ज्वारी पिकते. उन्हाळ्यात याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात इथं फार मानाची. भाकरी गोड लागते आणि कडब्यावर जनावरं वर्ष काढतात. इतिहासही धान्याचाच: दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली, ही कथा इथं पोराटोरांना तोंडपाठ.

करमाळ्याकडच्या उजनीकाठाचा इतिहास त्यामानानं कालचा. १९८० मध्ये भीमेवरचं धरण पुरं झालं, जुनी गावठाणं पाण्यात गेली, वस्त्या वर सरकल्या. आता ऊस, केळी आणि मोटारींची घरघर. पैसा इथंच जास्त, यात वादच नाही.

तरी मला विचाराल तर मंगळवेढा. धरण आटलं की उसाचा जीव टांगणीला लागतो. ज्वारी मात्र परतीच्या पावसावरही तग धरते. अर्थात, तोही चुकला तर तिथंही हात टेकावे लागतात.