सहा इंची ई-रीडरवर पीडीएफ: सात महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात अपडेट आलं आणि माझ्या रीडरला मार्जिन कापायची सेटिंग लक्षातच राहीना, फाईल बंद करून उघडली की पान परत पूर्ण आणि अक्षरं परत बारीक. त्याच रागात लिहायला बसलोय.

स्क्रीन, बॅटरी, लाईट सगळं उत्तम, त्यावर शब्द घालवत नाही. ईपबच (अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने लागतात ती ई-पुस्तकं) वाचणार असाल तर डोळे झाकून घ्या. पण माझं जवळपास सगळं वाचन पीडीएफ, आणि पीडीएफ १९९३ साली आलं तेच मुळी छापील पान कुठेही जसंच्या तसं दिसावं म्हणून. त्यामुळे झूम केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते, मोडून खाली येत नाही. ए४ पान २१ सेंमी रुंद, स्क्रीन ९ सेंमी, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम ५ पॉइंटचं होतं, पहिली वेलांटी की दुसरी तेही कळत नाही.

पहिले दोन महिने मी पीडीएफचं ईपब करत बसलो. ते करूच नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली मराठी फाईल असेल तर नुसती अगम्य चिन्हं हाती येतात, आणि स्कॅन असेल तर आत अक्षरं नसतातच, फोटो असतो.

तेव्हा हे मशीन विकायचं ठरवलं होतं, पण मार्जिन कापायला शिकलो आणि मत बदललं. दोन्ही बाजूंची अडीच-अडीच सेंमी कोरी जागा काढली की मजकूर उरतो १६ सेंमी, स्क्रीन आडवी धरली की रुंदी मिळते १२, म्हणजे तेच अक्षर ९ पॉइंटचं! एका पानाला दोन-तीनदा पुढे सरकावं लागतं, पण डोळे दुखत नाहीत. फक्त ऑटो क्रॉपवर, म्हणजे मशीन आपणहून मार्जिन कापतं त्यावर, विसंबू नका, स्कॅनच्या कडेची काळी पट्टी त्याला मजकूरच वाटते. हातानेच कापा, आणि पुस्तक स्कॅन केलेलं असेल तर सम-विषम पानं वेगळी कापा, त्यांची मार्जिनं उलटसुलट असतात.

आणि नेमकी हीच सोय अपडेटने घालवली. सर्व्हिसवाल्यांना तीन मेल केले, तिन्हींना उत्तर एकच, फॅक्टरी रीसेट करा. केलं, तर माझ्या सात महिन्यांच्या खुणा गेल्या आणि बिघाड तसाच! शेवटी रीडरवर केओरीडर नावाचं वाचनाचं दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे, सोर्सही खुला. एकदा कापलेलं मार्जिन ते त्या फाईलपुरतं कायम लक्षात ठेवतं. त्यात रिफ्लो पण आहे, शब्दांची चित्रं कापून नव्याने ओळी लावतं, म्हणून स्कॅनवरसुद्धा चालतं, मात्र पान यायला वेळ लागतो आणि गणिताची सूत्रं विस्कटतात.

दहा इंची घ्या म्हणून बरेच जण सांगतात. चालू वस्तू बाजूला टाकून दुसरी मी घेणार नाही, एवढ्यात माझं भागतंय. रुंद तक्ते आणि नकाशे तेवढे लॅपटॉपवर उघडतो.