गरोदरपणात इसेन्शियल ऑइल वापरली: दहा-अकरा महिन्यांनंतर काय ठेवलं, काय टाकलं

सातव्या आठवड्यात सांगली-तासगाव एसटीत असा उमासा आला की मधल्याच थांब्यावर उतरून रस्त्याकडेला बसावं लागलं. डिझेल, कुणाच्या तरी पिशवीतली मेथी, शेजारच्या बाईंचा गजरा, सगळे वास एकदम अंगावर आले. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एका मैत्रिणीने रुमालावर लिंबाच्या तेलाचा थेंब टाकून दिला आणि तिथून हे सुरू झालं. आज बाळ तीन महिन्यांचं आहे. चार बाटल्या घेतल्या होत्या: लिंबू, लॅव्हेंडर, पुदिना आणि एक तयार रोल-ऑन. चौघींचं काय झालं ते सांगते.

त्याआधी डॉक्टर मॅडमचं. पहिल्याच भेटीत बाटली पर्समधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, हे बरं केलं. त्यांनी तीन वाक्यांत विषय संपवला: "वास घ्यायला हरकत नाही. पहिले तीन महिने अंगाला काही लावू नका. आणि पोटात एक थेंबसुद्धा नाही, कुणीही सांगितलं तरी." कारणही सांगितलं. ही तेलं म्हणजे किलोच्या किलो फुलापानांचा अर्क असतो, त्वचेतून ती थोडीफार रक्तात उतरतात आणि त्यातले घटक वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचू शकतात. चहात गवती चहाची पात टाकणं वेगळं आणि गवती चहाचं तेल वेगळं.

लिंबाचा उपयोग झाला, पण लोक सांगतात तेवढा नाही. ओकाऱ्या थांबल्या नाहीत. उमाश्याची लाट यायला लागली की रुमाल नाकापासून चार बोटं लांब धरायचा, तीन-चार वेळा सावकाश श्वास घ्यायचा, आणि पाचातल्या तीन वेळा लाट ओसरायची. इराणमध्ये शंभर गरोदर बायकांवर याचा अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना बदामाच्या तेलात मिसळलेलं लिंबाचं तेल हुंगायला दिलं आणि निम्म्या जणींना नुसतं बदामाचं. लिंबाच्या गटात मळमळ कमी झाली, पण गेली नाही. माझाही अनुभव तंतोतंत तोच. एकदा बाटली घरी विसरले तेव्हा डब्यातल्या लिंबाची साल नखाने दाबून हुंगली, तर काम तेवढंच झालं. त्यामुळे लिंबाचं तेल मी परत विकत घेणार नाही.

रुमाल तोंडाला घासू नका. सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं तेल त्वचेवर असताना ऊन लागलं तर डाग पडतात, कधी फोडही येतात. आणि पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी गडद होत असेल, तर रुमाल बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. दहाव्या आठवड्यात माझ्यावर ती वेळ आली. दोन बाटल्या सलाईन लागलं, आणि त्या दिवशी कुठल्याच सुगंधाचा उपयोग नव्हता.

लॅव्हेंडर मात्र घरात राहणार. आमची बाटली जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहची आहे, तिथे आता बरेच शेतकरी मक्याऐवजी लॅव्हेंडर लावतात. घेताना तीन गोष्टी पाहिल्या: बाटली गडद काचेची आहे का, वनस्पतीचं पूर्ण नाव लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया असं छापलंय का, आणि बॅच नंबर आहे का. एका दुकानात गुलाब, चंदन, लिंबू सगळी तेलं एकाच भावात होती. चंदन लिंबाच्या भावात मिळत असेल तर ते चंदन नाही, कृत्रिम वास आहे. तिथून तशीच परत आले.

सहाव्या महिन्यापासून झोप उडाली होती. रात्री साडेनऊला डिफ्युझरमध्ये (हवेत वास पसरवणारं छोटं यंत्र) पाणी, तीन थेंब लॅव्हेंडर, खिडकी अर्धी उघडी, वीस मिनिटं, मग बंद. रात्रभर चालू ठेवू नका. आम्ही एकदा विसरलो, तर सकाळी डोकं जड आणि घसा कोरडा. लॅव्हेंडरमुळेच झोप लागली असं मी छातीठोक सांगणार नाही, कदाचित वीस मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून अंधारात पडून राहिल्यामुळेही असेल. पण तो वास आला की अंग सैल व्हायचं, एवढं नक्की.

चौथ्या महिन्यानंतर मॅडमना विचारून पायांना आणि कंबरेला लावायला सुरुवात केली. ३० मिली तिळाच्या तेलात ५ थेंब. एक टक्का म्हणजे साधारण ६ थेंब होतात, मी एक कमीच ठेवला. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबले. पोटाला कधीच लावलं नाही, तिथे साधं खोबरेल.

आणि आता ती बादली. सातव्या महिन्यात, थंडीत, कुठल्याशा व्हिडिओत पाहून आंघोळीच्या पाण्यात लॅव्हेंडरचे पाच-सहा थेंब टाकले. बाथरूमभर सुंदर वास. पहिला तांब्या उजव्या खांद्यावर ओतला आणि मिनिटाभरात तिथे मिरची लावल्यासारखी आग सुरू झाली. वाकून पाहिलं तर बादलीतल्या पाण्यावर तेलाचे बारीक बारीक गोल तवंग तरंगत होते आणि पहिल्या तांब्यात त्यातले बहुतेक आले होते. तेल पाण्यात विरघळत नाही, हे मी सहावीच्या मुलांना प्रयोग करून दाखवते. म्हणजे अख्खं, न मिसळलेलं तेल थेट कातडीवर. मी वरून पाणीच ओतत राहिले, त्याने काही फरक पडला नाही. शेवटी आईंनी बाहेरून साधं खोबरेल दिलं, ते चोळून कापडाने पुसल्यावर आग कमी झाली. लाल चट्टे चार दिवस होते. शिवाय फरशी तेलकट झालेली, सातव्या महिन्यात तिथे पाय घसरला असता तर काय, याचा विचार आजही नको वाटतो. बादलीत, टबात, शॉवरखाली, कुठेही ही तेलं टाकू नका.

तेव्हापासून मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हा वास नकोसा झाला तर काढून टाकता येईल का? रुमाल पिशवीत घालता येतो, डिफ्युझरचं बटण बंद होतं, अंगाला लावलेलं तसं निघत नाही.

रोल-ऑन एका गर्भसंस्काराच्या वर्गात मिळालं होतं, 'गर्भिणीसाठी खास'. घटकांची यादी नाही. विचारलं तर, "ताई, सगळं नैसर्गिक आहे." नैसर्गिक तर पेनिरॉयल, हिसप आणि सेज या वनस्पतींची तेलंही आहेत, आणि गरोदरपणात ती कटाक्षाने टाळायची तेलं आहेत. आपल्या ओळखीचा शेपा घ्या. शेपूची भाजी खा, बाळंतपणानंतर बाळंतशेपा चावा, पण भारतीय शेपाच्या तेलात डिलॅपिओल हे द्रव्य असतं आणि ते तेल गरोदर बाईने वापरायचं नाही. रोल-ऑन परत केलं. पैसे मिळाले नाहीत, जाऊ देत.

बामकडे मात्र आपलं कुणाचंच लक्ष नसतं. आठव्या महिन्यात एका संध्याकाळी डोकं ठणकत होतं. आई म्हणाल्या, "अगं, कपाळाला जरा बाम लाव, बरं वाटेल." डबी हातात घेतली आणि सवयीने मागचं वाचलं: गंधपुरा तेल, कापूर, पुदिन्याचं फूल, निलगिरी. म्हटलं, "अहो आई, यातलं गंधपुरा म्हणजे ॲस्पिरिनच्या घराण्यातलं औषध आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको." त्यांनी स्वतःच फोन लावून दिला. मॅडमनी बामचं नंतर बघू, आधी बीपी बघा म्हणून सांगितलं. शेवटच्या महिन्यांत डोकं दुखणं, चेहरा सुजणं, डोळ्यांपुढे चमकणं हे बीपीचं लक्षण असू शकतं. माझं १२०/७८ निघालं. पण त्या रात्री बाम चोळून झोपले असते आणि बीपी वाढलेलं असतं तर?

कळा सुरू झाल्यावर सिस्टरना विचारून लॅव्हेंडरचा रुमाल उशाशी ठेवला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात १९९० ते १९९८ या काळात ८,०५८ बायकांना बाळंतपणात प्रशिक्षित सुईणींनी अशी तेलं दिली होती आणि त्रास फार थोड्या जणींना झाला, तोही किरकोळ. हे वाचून मला धीर होता. पहिला तासभर तो वास खरंच सोबतीला होता. मग कळा वाढल्या आणि तोच वास इतका असह्य झाला की मी रुमाल भिरकावला. नवऱ्याने तो उचलून खोलीबाहेर नेला आणि वास गेला. पाठीला चोळलेलं असतं तर?

राहिली पुदिन्याची बाटली. चाचणीचे पेपर तपासताना डोकं जड झालं की झाकण उघडून दोनदा हुंगायची, एवढाच तिचा वापर. बाळ घरी आल्याच्या दिवशी ती कपाटाच्या वरच्या फळीवर, कुलपात गेली. पुदिन्याच्या तेलातलं मेंथॉल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ गेलं तर श्वास अडखळू शकतो. निलगिरीचंही तसंच, चुकून चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. दुसऱ्या आठवड्यात बाळाचं नाक चोंदलं, तेव्हा आईंनी ओवा-कापराची पुरचुंडी बांधून पाळण्याला अडकवली होती. बालरोगतज्ज्ञांनी पाहिली आणि कापूर ताबडतोब काढायला सांगितला, नाकात सलाईनचे थेंब लिहून दिले. आईंना वाईट वाटलं, त्यांनी त्यांची दोन्ही मुलं तशीच वाढवली होती. पण पुरचुंडी त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली आणि कापूर देवघरातल्या डबीत परत ठेवला.

डिफ्युझर सध्या धुऊन, पुसून खोक्यात आहे. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तरी काढणार नाही. अंगालाही सुगंधी काही लावत नाही, कारण अंधारात उचललं तरी ते मान वळवून माझ्याकडे तोंड करतं, आणि ते वासावरूनच.